पाणभुंगेरा : ओळख, वस्ती आणि उपयोग

पावसाळ्यात खाचरे भरली आणि चिखलणी सुरू झाली, म्हणजे औत धरणाराच्या पायांजवळून एक काळसर, चपटा व तुकतुकीत किडा झरकन निसटून जाताना पुष्कळांनी पाहिला असेल. कोणी त्यास पाणकिडा म्हणतो, कोणी पाण्यातला भुंगा म्हणतो. तो पिकास खातो काय, गुरांच्या पिण्याच्या पाण्यात असल्यास अपाय करतो काय, आणि मासे सोडावयाच्या तळ्यात दिसल्यास त्याचा नाश करावा काय, असे तीन प्रश्न शेतकऱ्यास साहजिकच पडतात. या तिन्ही प्रश्नांस एकच उत्तर नाही. आणि किड्याची ओळख पटल्यावाचून कोणतेही उत्तर देणे योग्य नव्हे.

महसुली कामात जमिनीची ओळख दोन गोष्टींवरून पटवितात. एक भूमापन क्रमांक व दुसरी चतुःसीमा. क्रमांक बरोबर असून चतुःसीमा जुळली नाही, तर चौकशी केल्यावाचून कोणी पुढे जात नाही. किड्याची ओळखही अशीच दुहेरी आहे. अंगावरील लक्षणे हा त्याचा क्रमांक होय, आणि ज्या पाण्यात, ज्या काठावर तो राहतो ती त्याची चतुःसीमा होय. लक्षणांवरून तो कोण हे कळते. वस्तीवरून तो आपल्या पाण्यात नांदेल की पाहुण्यासारखा येऊन जाईल हे कळते. पहिल्या गोष्टीकडे थोडेबहुत लक्ष जाते. दुसरीकडे सहसा जात नाही. म्हणून या लेखात दोन्हींचा विचार योजिला आहे.

१. कुल व नाव

या किड्यास आपण येथे पाणभुंगेरा म्हणू. हुमणीचा भुंगेरा आपणांस परिचित आहेच. तोही याच विशाल गणातील, म्हणजे कठीण पंखकवच असलेल्या किड्यांतील होय. पाणभुंगेऱ्यांच्या कुलास शास्त्रात डायटिसिडी असे म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'बुडी मारणारा' असा आहे. जगात या कुलाच्या साडेचार हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या असून त्यांपैकी दोनशेंहून अधिक भारतात आढळतात. तांदळाच्या दाण्याहून लहान असे काही, तर दीड इंचापर्यंत वाढणारे काही, असा त्यांच्या आकारात मोठा फरक आहे. परंतु लहानमोठे सारे मांसाहारी आहेत आणि त्यांची अळी तर प्रौढ किड्याहूनही खादाड असते. पिकाचे पान वा मूळ हे त्यांचे अन्न नव्हे. सबब पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथेच देता येते : पाणभुंगेरा भातास खात नाही.

२. अंगावरील लक्षणे

पाणभुंगेरा ओळखण्यासाठी पुढील पाच लक्षणे क्रमाने पाहावीत.

पहिले लक्षण शरीराचा घाट. अंग लांबट-वाटोळे, वरून व खालून सारखेच फुगीर आणि कडेस निमुळते असते. डोके, छाती व पोट यांच्यामध्ये खाच दिसत नाही. पाण्यातून सहज सरकता यावे म्हणून सर्व अंग एकसंध व गुळगुळीत झालेले असते.

दुसरे लक्षण मागचे पाय. ते चपटे असून त्यांवर दाट केसांची झालर असते. पोहताना तो हे दोन्ही पाय वल्ह्यांप्रमाणे एकदम मारतो. हे लक्षण पाण्याबाहेरून पाहूनही ध्यानात येते.

तिसरे लक्षण श्वास घेण्याची रीत. पाणभुंगेऱ्यास माशाप्रमाणे कल्ले नाहीत. तो पंखकवचाखाली हवेचा साठा घेऊन बुडतो आणि साठा संपत आला म्हणजे वर येतो. वर येताना तो शेपटीकडील टोक प्रथम पाण्याबाहेर काढतो. डोके खाली व शेपूट वर असा क्षणभर टांगलेला किडा दिसला, की निम्मी ओळख पटली असे समजावे. बुडताना शेपटीशी हवेचा एक चकचकीत बुडबुडा पुष्कळदा दिसतो.

चौथे लक्षण मिशा. त्या बारीक, लांब व दोऱ्यासारख्या असतात. टोकाशी गाठ नसते.

पाचवे लक्षण नराचे पुढचे पाय. मोठ्या जातींत नराच्या पुढच्या पावलांची पहिली पेरे रुंदावून त्यांची वाटोळी चकती झालेली असते आणि तिच्या खालच्या अंगास चिकटून धरणाऱ्या बारीक वाट्या असतात. मादीस अशी चकती नसते. म्हणून एकाच तळ्यात पुढच्या पायांचे दोन प्रकार दिसल्यास त्या दोन जाती न समजता प्रथम नर-मादी असा संशय घ्यावा.

मोठा पाणभुंगेरा हातात धरल्यास छातीच्या भागातून पांढरा, दुधासारखा, उग्र वासाचा द्रव सोडतो. माशांनी व बेडकांनी आपणांस गिळू नये म्हणून त्याची ही योजना असते. हाताळल्यावर हात धुवावेत, इतकेच पुरे.

३. तोतये

त्याच पाण्यात पाणभुंगेऱ्यासारखे दिसणारे आणखी काही किडे राहतात. त्यांचे खाणे निराळे, म्हणून त्यांच्याविषयीचा निर्णयही निराळा.

सर्वांत जास्त फसविणारा तोतया म्हणजे पाण्यातील कुजकट खाणारा मोठा काळा भुंगेरा. आपल्याकडे सामान्यपणे आढळणाऱ्या त्याच्या जातीस हायड्रोफिलस ऑलिव्हेसियस म्हणतात. आकार जवळजवळ तेवढाच, रंगही काळसर. परंतु त्याच्या कडेस पिवळी पट्टी नसते, पाठ अधिक फुगीर असते, मिशांच्या टोकाशी गाठ असते आणि छातीच्या खालच्या बाजूस मागे वळलेला एक टोकदार काटा असतो, जो हातात धरताच बोचतो. पोहताना तो पाय एकाआड एक मारतो, जणू पाण्यात चालतो. आणि श्वासासाठी शेपटीऐवजी डोके वर काढतो. याचा प्रौढ किडा मुख्यतः शेवाळ व कुजलेला पाला खातो. त्याची अळी मात्र मांसाहारी असते.

दुसरा तोतया पाणढेकूण. याची मोठी जात, लेथोसेरस इंडिकस, अडीच-तीन इंच लांब वाढते. तो भुंगेरा नसून ढेकणाच्या गणातील आहे. त्याच्या तोंडास चावण्याचे जबडे नसून टोचून शोषणारी सोंड असते आणि पुढचे पाय पकडीसारखे वाकलेले असतात. पाठीवर पंख एकमेकांवर तिरपे पडलेले दिसतात. पाणभुंगेऱ्याचे पंखकवच पाठीच्या मध्यावर सरळ रेषेत मिळते. पाणढेकणाचा दंश फार झोंबतो, म्हणून त्यास उघड्या हाताने धरू नये.

तिसरे म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर थव्याने गरगर फिरणारे लहान काळे किडे. हेही भुंगेरेच होत, परंतु निराळ्या कुलातील. ते पाण्यावर पडलेले कीटक खातात व संकट आल्यासच बुडी मारतात.

४. आपल्याकडील प्रमुख जाती

कुलाची खात्री झाली म्हणजे जातीकडे वळावे. शेतकऱ्याच्या दृष्टीस वारंवार पडतील असे काही प्रकार येथे देतो.

(अ) सायबिस्टर ट्रायपंक्टेटस. ऑलिव्हिए याने १७९५ साली या जातीचे वर्णन केले. लांबी सुमारे २४ ते २८ मिलीमीटर, म्हणजे साधारण एक इंच. पाठीचा रंग काळसर हिरवा व त्यावर शेवाळी झाक. डोक्याचा पुढील भाग पिवळा. छातीच्या व पंखकवचाच्या कडेने पिवळी पट्टी. खाचरे, तलाव, गाळ साचलेली तळी येथे हा आढळतो. 'मोठा पाणभुंगेरा' असे नुसते म्हटल्यास बहुधा हाच अभिप्रेत असतो.

(आ) सायबिस्टर लिंबेटस. फॅब्रिशियस याने १७७५ साली वर्णिलेली ही जात पहिल्याहून मोठी असून तिची लांबी ३५ मिलीमीटरच्या आसपास असते. कडेची पिवळी पट्टी हिलाही असते. दोहोंतील भेद प्रथम पट्टी घेऊनच पाहावा. एकाच तळ्यातील इंचभर व दीड इंच असे दोन नमुने शेजारी ठेवले म्हणजे शंका राहत नाही.

(इ) हायडॅटिकस व्हिटॅटस. सुमारे अर्धा इंच. काळ्या पाठीवर कडेलगत पिवळ्या उभ्या रेघा. गवत असलेल्या उथळ पाण्यात राहतो.

(ई) सँड्राकॉटस डेजेनाय. आकार तितकाच, पाठीवर काळ्या व पिवळ्या रंगाची ठसठशीत नक्षी. एकदा पाहिल्यावर विसरणार नाही असा हा देखणा किडा आहे.

(उ) इरेटिस. हाही सुमारे अर्ध्या इंचाचा. रंग फिकट पिवळसर-करडा व त्यावर काळे बारीक ठिपके. पावसाने नव्याने साचलेल्या, झाडझाडोरा नसलेल्या उघड्या डबक्यांत हा प्रथम येतो. याची अळी फार लवकर वाढते, कारण डबके आटण्यापूर्वी तिला आपले कार्य उरकावयाचे असते.

(ऊ) लॅकोफिलस. तीन ते पाच मिलीमीटरचे चिमुकले पाणभुंगेरे. जाळ्यात काढताच टुणकन उडी मारतात.

येथे वस्तीचे महत्त्व प्रथम दिसून येते. ताज्या डबक्यात करडा इरेटिस सापडावा व जुन्या, वनस्पतींनी भरलेल्या तळ्यात सायबिस्टर सापडावा, हा नित्याचा क्रम होय. उलट आढळल्यास नमुना पुन्हा तपासावा.

५. जीवनक्रम

मोठ्या पाणभुंगेऱ्याची मादी पाण्यातील वनस्पतींच्या मऊ देठास चीर पाडून तीत अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी लांबट, दोन्ही टोकांस निमुळती, सहा पायांची असून पूर्ण वाढीस दोन इंचांपर्यंत पोहोचते. तिचे जबडे विळ्यासारखे वाकलेले व आतून पोकळ असतात. भक्ष्य पकडताच ती जबड्यांवाटे पाचक रस त्याच्या शरीरात सोडते, आतील मांसाचा द्रव होतो आणि तो ती शोषून घेते. डासांच्या अळ्या, चतुराची पिले, बेडकांची पिले, लहान मासे, आणि अन्न कमी पडल्यास स्वतःची भावंडेही ती खाते. हीदेखील शेपूट वर करून श्वास घेते.

दोन वेळा कात टाकून वाढ पुरी झाली, म्हणजे अळी पाणी सोडून काठावर येते. ओल्या मातीत, दगडाखाली किंवा गवताच्या मुळाशी लहानशी पोकळी करून तीत ती कोषावस्थेत जाते. काही दिवसांनी कोषातून मऊ, फिकट भुंगेरा निघतो. अंग कठीण झाल्यावर तो पुन्हा पाण्यात उतरतो. उष्ण हवेत हा सारा क्रम दीड-दोन महिन्यांत पुरा होतो. प्रौढ किडा एक वर्ष वा त्याहूनही अधिक जगू शकतो.

प्रौढ किड्यास उत्तम उडता येते. पाणी आटले अथवा अन्न सरले, की तो रात्री उडून दुसऱ्या पाण्याच्या शोधात निघतो. पाणी कोठे आहे हे तो पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या एका विशिष्ट गुणावरून ओळखतो. काळे चकचकीत प्लास्टिक, गडद रंगाच्या मोटारींचे टप, यांवरून येणारा प्रकाशही तसाच असल्यामुळे पाण्यातील कीटक तेथे फसून उतरतात, असे हंगेरीतील संशोधकांनी प्रयोगांती दाखविले आहे. विजेच्या दिव्याकडेही तो आकर्षिला जातो. म्हणून पावसाच्या आरंभी दादर किंवा लालबाग येथील दिव्याखाली एखादा मोठा पाणभुंगेरा उताणा पडलेला सापडल्यास जवळच तळे आहे असा निष्कर्ष काढू नये. तो केवळ वाटसरू होय.

६. वस्ती : तीन गरजा

वरील जीवनक्रमावरून वस्तीच्या तीन गरजा आपोआप सिद्ध होतात.

एक, पाणी, आणि तेही अळीची वाढ होईपर्यंत टिकणारे.
दोन, पाण्यातील मऊ देठाच्या वनस्पती. कारण मोठ्या जाती अंडी देठात घालतात.
तीन, मातीचा ओला व उतरता काठ. कारण कोष जमिनीत होतो.

या तिहींपैकी एकही उणी असल्यास भुंगेरा दिसेल, पण त्याची संतती वाढणार नाही. भुंगेरा दिसणे व भुंगेरा नांदणे यांतील हा भेद शेतकऱ्याने पक्का ध्यानात धरावा. शेतात उभा असलेला प्रत्येक मनुष्य जसा त्या शेताचा कब्जेदार नसतो, तद्वतच हे आहे.

जपानचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. तेथील भातखाचरांत व तळ्यांत मोठा पाणभुंगेरा पूर्वी इतका सामान्य होता, की गेंगोरो या नावाने तो लहान मुलांसही ठाऊक असे. आज तो त्या देशाच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. कीटकनाशके, पडीक टाकलेली खाचरे आणि तळ्यांचे सिमेंटने बांधलेले काठ ही त्याची प्रमुख कारणे सांगितली जातात. यांतील शेवटचे कारण वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे : पाणी तेच राहिले, केवळ काठ बदलला.

७. मुंबई बेटाचे उदाहरण

आमचे पुष्कळ वाचक गिरगाव, लालबाग, परळ, दादर येथे राहतात आणि त्यांची जमीन कोकणात अथवा घाटावर असते. त्यांनी आपल्या पायाखालच्या भूमीचाच इतिहास पाहिल्यास वस्तीचा नियम सहज पटेल.

मुंबई बेटावर एकेकाळी शेती होती, हे आज सांगावे लागते. गिरगावातील मुगभाट, बोरभाट, केळेवाडी, फणसवाडी ही नावे जुन्या लागवडीची साक्ष देतात. बेटावरील भातजमिनीचा सारा 'टोका' नावाच्या पद्धतीने आकारला जाई व मुळात तो धान्याच्या रूपाने घेतला जाई. दादर-माटुंगा भागात विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत भातखाचरे व वाड्या होत्या. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टाने तेथे रस्ते व घरांचे भूखंड आखले. पिण्याच्या पाण्यासाठी तलाव व विहिरी होत्या. १८६० साली विहारचे व १८९२ साली तानशाचे पाणी शहरात आल्यावर तलावांची गरज सरत गेली आणि ते एकामागून एक बुजविले गेले. धोबी तलाव, सी. पी. टँक ही नावे राहिली, पाणी राहिले नाही. गोवालिया टँकचे तर आज ऑगस्ट क्रांती मैदान झाले आहे. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव टिकून आहे, परंतु त्याचे चारही काठ दगडी पायऱ्यांचे आहेत.

म्हणजे खाचर गेले, मातीचा काठ गेला. परंतु घरोघरच्या विहिरी व टाक्या दीर्घकाळ राहिल्या. पुढे काय झाले ते आरोग्यखात्याच्या इतिहासात नमूद आहे. डॉक्टर बेंटले यांनी मुंबईतील हिवतापाच्या कारणांची चौकशी करून १९११ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. शहरातील हिवताप मुख्यतः विहिरींत व टाक्यांत वाढणाऱ्या ॲनॉफेलिस स्टिफेन्साय या डासामुळे पसरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. या डासाचे प्रथम वर्णन १९०१ साली लिस्टन यांनी वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथील नमुन्यांवरून केले होते; हेच लिस्टन पुढे परळच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. ती प्रयोगशाळा म्हणजेच १९२५ पासून हाफकिन या नावाने ओळखली जाणारी संस्था. विहिरी बुजविण्याचा वा झाकण्याचा उपाय पुढे आला, तेव्हा धार्मिक कारणांस्तव पुष्कळ मालकांनी हरकती घेतल्या. कव्हेल यांनी १९२८ साली मुंबईच्या हिवतापावर पुन्हा अहवाल लिहिला. म्हणजे प्रश्न तोवर मिटला नव्हता. आजही पालिकेचे कीटकनाशक खाते इमारतींच्या टाक्या तपासत असते.

आता प्रश्न असा, की विहिरीत डास वाढला, तर डासाच्या अळ्या खाणारा पाणभुंगेरा तेथे का वाढू नये? उत्तर वरील तीन गरजांत आहे. डासाची मादी पाण्यावर अंडी घालते, अळी पाण्यातच वाढते, कोषही पाण्यातच होतो आणि उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत नवा डास उडून जातो. त्यास देठ नको, माती नको, काठ नको. वाटीभर पाणी व आत शिरण्यापुरती फट असली की झाले. पाणभुंगेऱ्यास मात्र तिन्ही गोष्टी हव्यात. सरळ उभ्या दगडी भिंतीच्या विहिरीत एखादा भुंगेरा उडत येऊन पडला, तरी त्याची मादी अंडी कोठे घालणार आणि अळी मातीत कोठे शिरणार? भक्ष्य विपुल असूनही भक्षक तेथे नांदू शकत नाही. पाणी ठेवून काठ काढून टाकला, तर डासाचे घर राहते आणि त्याच्या शत्रूचे मोडते. मुंबईच्या विहिरींवरून हाच धडा घ्यावयाचा आहे, आणि आज गावोगावी बांधीव विहिरी व प्लास्टिकचे अस्तर घातलेली शेततळी होत असताना तो केवळ शहराचा धडा राहिलेला नाही.

८. शेतकऱ्याने काय करावे

आरंभीच्या प्रश्नांची उत्तरे आता पाण्याच्या प्रकारानुसार देता येतील.

भातखाचर. येथे पाणभुंगेरा राखावा. तो पिकास अपाय करीत नाही व डासांच्या अळ्यांचा फडशा पाडतो. खाचरात साचलेल्या पाण्यात वाढणारे डास घरातील माणसांस व गोठ्यातील जनावरांस उपद्रव देतात, हे सांगावयास नकोच. दाणेदार कीटकनाशक भरल्या पाण्यात टाकल्यास किडीबरोबर पाणभुंगेऱ्यांचाही नाश होतो. म्हणून किडीचे प्रमाण प्रत्यक्ष पाहून, आवश्यक असेल तेव्हाच व तेवढेच औषध वापरावे. खाचराच्या सखल कोपऱ्यात एक खोलगट खड्डा ठेवल्यास पाणी ओसरल्यावर या किड्यांस आसरा मिळतो. बांध तासताना सगळे गवत एकाच वेळी काढू नये. कोष त्याच मुळांशी असतात.

गुरांचे तळे. येथेही त्यास मारण्याचे कारण नाही. गुरांस तो अपाय करीत नाही. तळ्याच्या एका बाजूस गुरे उतरू द्यावीत व दुसरी बाजू काटेरी फांद्या लावून राखावी, म्हणजे तेथे वनस्पती व ओला काठ टिकेल.

पिण्याच्या पाण्याची विहीर व टाकी. येथे पाणभुंगेऱ्यावर विसंबू नये. तो तेथे नांदणार नाही हे वर सांगितलेच आहे. विहिरीस जाळीचे झाकण घालणे, टाकी घट्ट बंद ठेवणे व न झाकता येणाऱ्या पाण्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडणे, हेच खरे उपाय होत.

अस्तर घातलेले शेततळे. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना राज्यात २०१६ साली सुरू झाली आणि तेव्हापासून अशी तळी अनेकांच्या शेतात झाली आहेत. काळ्या चकचकीत अस्तराकडे उडते भुंगेरे आकर्षिले जातात, परंतु निसरड्या उभ्या कडेवरून अळीस मातीपर्यंत जाणे कठीण पडते. त्यांचा उपयोग व्हावा अशी इच्छा असल्यास शेततळ्यालगत पाझराच्या जागी लहानसे मातीचे डबके राखावे.

मत्स्यबीजाचे तळे. येथे मात्र निकाल उलटा आहे. कटला, रोहू, मृगळ यांचे मत्स्यजिरे ज्या लहान तळ्यात वाढवावयाचे, तेथे पाणभुंगेरा व विशेषतः त्याची अळी मोठे नुकसान करते. हाच तो किडा, हेच त्याचे जबडे. केवळ भक्ष्य बदलले, की मित्राचा वैरी होतो. जिरे सोडण्यापूर्वी बारीक आसाचे जाळे वारंवार ओढून किडे काढावेत. त्यानंतर तेल व साबण यांचे मिश्रण पाण्यावर पसरावे. त्याचे रूढ प्रमाण हेक्टरी ५६ किलो तेल व १८ किलो स्वस्त साबण असे आहे. आपल्या हिशेबाने एका गुंठ्यास सुमारे ५६५ ग्रॅम तेल व १८० ग्रॅम साबण पडतो. साबण प्रथम कोमट पाण्यात विरघळवून त्यात तेल घुसळावे व वारा पडलेला असताना सर्व पृष्ठभागावर शिंपडावे. जिरे सोडण्याच्या १२ ते २४ तास आधी हे काम करावे.

या उपायामागील तत्त्व तिसऱ्या लक्षणात आहे. पाणभुंगेरा हवेसाठी वर येतो. पृष्ठभागावर तेलाचा पातळ पडदा असल्यामुळे त्यास हवा मिळत नाही व तो गुदमरतो. कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या माशास ही अडचण येत नाही. वारा सुटल्यास पडदा फाटतो व श्रम वाया जातात. हा उपाय केवळ मत्स्यबीजाच्या तळ्यापुरता आहे. खाचरात अथवा पिण्याच्या पाण्यात तो कदापि करू नये. बोटुकली आकाराहून मोठे झालेले मासे असलेल्या तळ्यात त्याची विशेष गरजही नसते.

९. पाहणीची रीत

पीकपाहणीप्रमाणे पाण्याचीही पाहणी वर्षातून तीनदा करावी : आषाढात, भाद्रपदात व खाचरे सुकू लागल्यावर. साहित्य थोडेच लागते. लांब दांड्याची जाळी, पांढरी थाळी, काचेची बरणी व मोजपट्टी. जाळी वनस्पतींच्या कडेने ओढून थाळीत रिकामी करावी. मोठा किडा बरणीत पाण्यात सोडून पाच मिनिटे शांतपणे पाहावा : पाय एकदम मारतो की एकाआड एक, आणि श्वासासाठी शेपूट वर काढतो की डोके. मग लांबी मोजावी, कडेची पट्टी व मिशा पाहाव्यात. एका बरणीत दोन मोठ्या अळ्या ठेवू नयेत. सकाळपर्यंत एकच उरते.

वहीत पुढील रकाने आखावेत : तारीख, गाव व गट क्रमांक, पाण्याचा प्रकार, अंदाजे खोली, वनस्पती आहेत की नाहीत, काठ मातीचा, दगडी की प्लास्टिकचा, किड्याची लांबी व रंग, प्रौढ किती, अळ्या किती. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. प्रौढ सापडले व अळ्या मुळीच नाहीत, तर ते पाणी त्यांची वस्ती नसून विसाव्याची जागा आहे. अळ्या सापडल्या, तर वस्ती सिद्ध झाली.

जातीविषयी शंका राहिल्यास नमुना दाखविण्यास आपल्याकडे योग्य ठिकाणे आहेत. मुंबईत फोर्ट भागात १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी असून तिच्यापाशी कीटकांचा संग्रह आहे. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. नमुन्याबरोबर वहीतील नोंद अवश्य द्यावी. कोठून आला हे ठाऊक नसलेला किडा म्हणजे चतुःसीमा नसलेला दस्त होय; त्यावरून तज्ज्ञासही फारसे सांगता येत नाही.

येत्या पावसाळ्यात वाचकांनी आपापल्या शिवारातील एक तळे, एक खाचर व एक विहीर अशा तीन पाण्यांची पाहणी करून वरील रकाने भरावेत. ज्या तळ्याचा काठ बांधून काढण्याचा विचार चालू असेल, तेथे काम सुरू करण्यापूर्वी ही पाहणी करावी आणि अळ्या सापडल्यास निदान एक बाजू मातीची ठेवावी. त्यास खर्च काही नाही. उलट बांधकामाचा तेवढा खर्च वाचतो.